फाइलचं हँडल पडद्याआड गेलं, आता रिव्ह्यूत बघायचं काय?

नमस्कार मंडळी. आज स्क्रीनवर एक पुल रिक्वेस्ट आहे, म्हणजे "हे कोडमधले बदल तपासून घ्या" अशी विनंती, आणि ती आपण सोबत वाचणार आहोत.

आमच्या नाशिकच्या टीममधल्या एका नव्या मुलाने ती पाठवली आहे. काम मनापासून केलंय, हे आधीच सांगतो. दिंडोरी भागातल्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधलं तापमान दर मिनिटाला नोंदवणारं आमचं एक सॉफ्टवेअर आहे, सी भाषेतलं. त्यात आजवर उघडी फाइल म्हणजे एक साधा इंट, म्हणजे पूर्णांक, आणि तो सगळीकडे फिरायचा. लिहिणाऱ्या फंक्शनला तोच, दुसऱ्याने मध्ये लिहू नये म्हणून फाइलवर लॉक घेणाऱ्याला तोच, बंद करणाऱ्यालाही तोच. या मुलाने मध्ये पडदा घातला. बॅकएंड नावाचं एक स्ट्रक्ट, त्यात फंक्शन पॉइंटर, म्हणजे कोणतं फंक्शन चालवायचं त्याचे पत्ते: उघडा, वाचा, लिहा, सिंक करा, बंद करा. मागे लिनक्सची फाइल असो, विंडोजची असो की टेस्टपुरती नुसती मेमरी, वापरणाऱ्याने त्यात डोकावायची गरज नाही.

हा पडदा मला हवाच होता. का, ते बघा.

[कॅमेरा जवळ]

लिनक्सवर फाइल उघडली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आपल्या हातात फाइल देत नाही, नंबर देतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तसा. 0, 1 आणि 2 बहुधा आधीच गेलेले असतात: इनपुट, आउटपुट आणि एरर. त्यानंतर येणाऱ्याला मोकळ्या नंबरांतला सगळ्यात लहान नंबर, हा पोझिक्सचा, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या मानकाचा, नियमच आहे. म्हणजे तुम्ही बिल्ला परत केलात की बहुतेक वेळा लगेच पुढच्याच्या हातात तोच जातो. आता कुणी बिल्ला परत करूनही "माझा 7 नंबर" एवढं लक्षात ठेवून पुन्हा खिडकीशी आला, तर त्याला चपला मिळतील, पण दुसऱ्याच्या. कोडमध्ये हेच होतं. बंद केलेल्या नंबरवर आपण लिहितो, एरर येत नाही, आणि तापमानाच्या नोंदी भलत्याच फाइलमध्ये जाऊन बसतात. फार वाईट बग आहे हा, कारण तो जिथे दिसतो तिथे तो झालेला नसतो.

विंडोजची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे हँडल पॉइंटरच्या आकाराचं असतं. क्रिएटफाइल फसलं तर उणे 1 या किमतीचं हँडल येतं, पण दुसरी बरीच फंक्शन्स फसल्यावर नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, देतात. असले तपशील बॅकएंडच्या पोटातच राहायला हवेत. इथवर मी पूर्ण सहमत.

आता रिव्ह्यू. मी सगळ्यात आधी पडद्याला मागून भोक पाडलंय का ते शोधतो. इथे सापडलं: "एफडी द्या" असं एक फंक्शन, एफडी म्हणजे फाइलचा तोच नंबर. वर कमेंट आहे, "फक्त लॉकसाठी". मेमरीवाला बॅकएंड यात काय परत देतो? उणे 1. म्हणजे वरच्या कोडला पुन्हा विचारावं लागतं की मागे नेमकं कोण आहे. मग पडदा घालून काय मिळवलं?

शिवाय लॉक हे प्रकरण साधं नाही. एफसीएनटीएल या सिस्टिम कॉलने घेतलेलं पोझिक्सचं पारंपरिक लॉक त्या नंबराचं नसतं, ते प्रोसेस आणि फाइल या जोडीचं असतं. त्याच प्रोसेसमध्ये दुसऱ्या कुणी तीच फाइल वेगळी उघडली आणि बंद केली, की आपलंही लॉक गेलं. आपल्याला कुणी सांगतही नाही. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या लोकांनी यावर इलाज म्हणून आपल्या युनिक्सच्या कोडमध्ये असं ठेवलंय, की त्या फाइलवर लॉक शिल्लक असेल तर क्लोज लगेच करायचं नाही, लॉक सुटेपर्यंत थांबायचं. हे करायचं तर सगळ्या उघड्या फाइलींचा हिशोब एकाच जागी हवा, आणि ती जागा बॅकएंडच. म्हणून मी लिहिलं: हे फंक्शन काढ, "लॉक करा" आणि "लॉक सोडा" ही बॅकएंडची स्वतःची कामं कर.

पुढे "वाचा". त्याला बफर दिलाय, लांबी दिलीय, पण कुठून वाचायचं ते दिलेलं नाही. म्हणजे आधी एलसीक करून फाइलमधली जागा ठरवायची, मग रीड. दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये सोबत चालणारी दोन कामं, एकाच फाइलवर आले तर एकाने जागा ठरवायची आणि दुसऱ्याने ती हलवायची. इंटरफेसमध्येच ऑफसेट, म्हणजे कुठून वाचायचं ती जागा, घ्या, आत ती जागा सोबतच घेणारं पीरीड वापरा, विषय संपला.

पण रीडमध्ये दुसरीही एक गोष्ट आहे. 4096 बाइट मागितले आणि 1000 च मिळाले, तर काय? चूक म्हणायची की फाइल संपली म्हणायचं? आणि बफरच्या उरलेल्या भागात काय असेल? एसक्यूलाइटच्या फाइल इंटरफेसमध्ये याचं उत्तर लिहून ठेवलंय: उरलेला भाग शून्यांनी भरायचा आणि "कमी वाचलं" असा वेगळा कोड परत द्यायचा. शून्यं भरली नाहीत तर सुरुवातीला सगळं ठीक चाललंय असं वाटेल, पण पुढे कधीतरी डेटाबेस बिघडेल, असा इशाराही तिथेच आहे. आपल्या पॅचमध्ये लिनक्सवाला एक वागतो, मेमरीवाला दुसरं, आणि इंटरफेस त्यावर गप्प आहे.

[थोडं थांबून]

आता "सिंक करा" कडे या. त्याचा परतावा व्हॉइड आहे, म्हणजे ते काहीच परत देत नाही. याच ओळीपाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो.

द्राक्षांच्या हंगामात, रात्री, एका ठिकाणी वीज गेली. सकाळी नोंदी बघितल्या तर वीज जाण्याआधीच्या शेवटच्या काही ओळी नव्हत्याच. माल नाकारला जातो तेव्हा शेतकरी दादा विचारतात, "त्या वेळेला तापमान किती होतं?" आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. मला ती सकाळ अजून टोचते. कोडमध्ये काय होतं? फक्त राइट. राइट यशस्वी झालं म्हणजे डेटा कर्नलच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीत, गेला, डिस्कवर नाही. लिनक्समध्ये नेहमीच्या सेटिंगला असा न लिहिलेला डेटा सुमारे 30 सेकंद जुना झाला की मग तो डिस्ककडे पाठवायचा विचार होतो. त्याआधी वीज गेली तर गेलं.

म्हणून एफसिंक, म्हणजे "हा डेटा आत्ताच डिस्कवर लिही" असं कर्नलला सांगणं. पण एफसिंकलाही अपयश येतं, आणि ते अपयश विचित्र आहे. 2018 मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांच्या हे पक्कं लक्षात आलं. लिनक्सवर एफसिंकने एकदा एरर दिली, की मेमरीतली न लिहिलेली पानंही "स्वच्छ", म्हणजे लिहून झालेली, ठरू शकतात. आपण म्हणतो, पुन्हा करून बघू. दुसऱ्यांदा एफसिंक यश सांगतं, आणि डेटा डिस्कवर नसतोच. फेब्रुवारी 2019 मध्ये त्यांनी दुरुस्त्या दिल्या. आता एफसिंक फसलं की पोस्टग्रेस सहसा स्वतःला बंद पाडतो आणि बदल आधीच लिहून ठेवलेल्या आपल्या लॉगमधून पुन्हा उभा राहतो.

आता सांगा, ज्या फंक्शनचा परतावा व्हॉइड आहे, ते ही बातमी वर पोचवणार कसं?

क्लोजचंही तसंच. लिनक्सवर क्लोज सिग्नलमुळे मध्येच तुटलं तरी नंबर सुटलेला असतो. पॅचमध्ये इथे लूप आहे, यश येईपर्यंत पुन्हा पुन्हा क्लोज. आपला बिल्ला तर गेला, दुसऱ्या फेरीत आपण कदाचित दुसऱ्या थ्रेडची फाइल बंद करतोय. लूप काढ.

एक छोटी गोष्ट: फाइल उघडली, लॉक मिळालं नाही, फंक्शन परत फिरलं, क्लोज राहिलं. दर वेळी एक नंबर गळतो. बऱ्याच लिनक्स मशीनवर एका प्रोसेसच्या उघड्या फाइलींची मर्यादा 1024 असते. मिनिटाला एक गळती धरली तर सतरा-अठरा तासांत काम ठप्प.

टेस्ट मात्र सगळ्या हिरव्या आहेत. त्या मेमरीवाल्या बॅकएंडवर चालतात, आणि मेमरीची डिस्क कधी भरत नाही, वीज कधी जात नाही. मी त्याला आणखी एक बॅकएंड लिहायला सांगितलं, मुद्दाम फसणारा: तिसऱ्या राइटला जागा संपली म्हण, सिंकला एरर दे, रीडला निम्मंच दे. खरी फाइल हवी असेल तर लिनक्सच्या डेव्ह फोल्डरमध्ये फुल (/dev/full) नावाची फाइल आहेच. तिच्यावर काहीही लिहा, "जागा नाही" हेच उत्तर येतं.

काल रात्री त्याने दुसरी फेरी पाठवली. सिंक आता एरर परत देतो. एकदा फसला की बॅकएंड स्वतःवर "बिघडला" अशी खूण करतो आणि पुढचं प्रत्येक राइट नाकारतो. वरच्या कोडने नवी फाइल उघडून नोंदी पुन्हा लिहायच्या. खाली त्याने मला विचारलंय: "दादा, पुन्हा लिहायच्या तर त्या नोंदी आपल्याकडे असायला हव्यात. मेमरीत किती वेळ धरून ठेवू?"

मी उत्तर लिहिलं: सिंकने यश सांगेपर्यंत. आणि ते वाक्य इंटरफेसच्या फाइलमध्ये, सिंकच्या अगदी वर, कमेंट म्हणून टाकायला सांगितलं. ती कमेंट आली की मर्ज करतो, म्हणजे त्याचं काम मुख्य कोडमध्ये घेतो.