टायरात हवा, नदीला भरती: दिवाडी आणि चोडण स्कूटरवरून

[दृश्य: सकाळ. पणजीतील पाटो. मांडवीवर धुकं, रस्त्यावर स्कूटरची रांग.]

पणजीत राहणारा माणूस बेटावरच राहतो. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी आणि पूर्वेला या दोन्ही नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. या पाण्यानं वेढलेली ही तिसवाडी, म्हणजे तीस वाड्यांचं बेट. पुलांवरून रोज ये-जा होते, म्हणून पाण्याची जाणीव राहत नाही.

मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर मात्र ती पहिल्या पावलालाच होते. दिवाडीला जायचं तर आजही फेरीबोटच. शेजारचं चोडण बेट मयेच्या बाजूनं रस्त्यानं जोडलेलं आहे, पण पणजीकडून तिथंही फेरीबोटच जवळची.

गोव्यात सहा महिने, वर्षभर राहायला आलेले परदेशी पाहुणे आणि पुण्या-मुंबईहून इथं मुक्काम हलवलेली मंडळी हळूहळू समुद्रकिनारा सोडून आतल्या गावांकडे वळतात. त्यांच्यासाठी ही एका दिवसाची फेरी: पणजी, रायबंदर, जुने गोवे, फेरीबोटीनं दिवाडी, पुन्हा फेरीबोटीनं नार्वे, तिथून मयेमार्गे चोडण आणि तिसऱ्या फेरीबोटीनं परत रायबंदर. अंतर 40 किलोमीटरच्या आसपास. पेट्रोल लागतं लिटरभर, वेळ मात्र पूर्ण दिवस.

बेटावर गाडी अडली तर मदतही फेरीबोटीतूनच येते. म्हणून गाडीची सगळी तयारी अलीकडच्या काठावरच व्हायला हवी.

[दृश्य: भाड्याच्या स्कूटरची नंबरपाटी, जवळून.]

पाटी आधी बघा. भाड्यानं चालवायला देण्याची परवानगी असलेल्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खाजगी गाडी. ती भाड्यानं देणं बेकायदेशीर आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. गाडीसोबत नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी आहे ना, तारखा चालू आहेत ना, हे पैसे देण्याआधी तपासा. पासपोर्ट कुणाकडेही ठेवायला देऊ नका.

परदेशी पाहुण्याकडे दोन कागद हवेत: आपल्या देशाचा मूळ परवाना आणि 1949 च्या करारानुसार मिळालेला आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना. गफलत होते ती आतल्या पानावर. तिथं ‘ए’ हा वर्ग दुचाकीचा. बऱ्याच जणांकडे शिक्का असतो फक्त चारचाकीचा, आणि त्यावर स्कूटर चालवणं म्हणजे परवान्याविना चालवणं. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड 5000 रुपये आहे. आपल्याकडच्या माणसाला गिअर नसलेल्या दुचाकीचा परवाना पुरतो. हेल्मेट मात्र चालवणाऱ्यालाही हवं आणि मागे बसणाऱ्यालाही. ते नसेल तर 1000 रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांसाठी परवाना निलंबित होऊ शकतो.

आता टायर. गोव्यात भाड्यानं मिळणाऱ्या स्कूटरमध्ये अ‍ॅक्टिवाच जास्त, म्हणून तिचेच आकडे घेऊ. पुढच्या टायरात 22 पीएसआय, मागच्यात एकट्यासाठी 29 आणि मागे कुणी बसणार असेल तर 36. हे आकडे थंड टायरचे. दहा-बारा किलोमीटर धावून तापलेल्या टायरात हवा जास्त दाखवते. भाड्याच्या गाड्यांत मागचं टायर बहुधा कमी हवेवरच असतं, कारण रोज माणूस वेगळा आणि हवा बघणारा कुणीच नाही. अशा टायरवर दोघं बसून चिऱ्याच्या खडीवरून गेलं की टायरच्या कडा चेंबतात, रिमला ठोकर बसते आणि ट्यूबलेस टायरची हवा रिमच्या कडेनं निघून जाते. खिळा कुठंच सापडत नाही, म्हणून माणूस गोंधळतो.

ब्रेक उभ्या गाडीवर तपासा. लिव्हर मुठीला टेकत असेल तर ती गाडी घेऊ नका. 125 सीसीच्या आतल्या नव्या स्कूटरमध्ये डावी लिव्हर दाबली की पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक एकदम लागतो आणि उजवी फक्त पुढचा लावते. पुढं फेरीबोटीच्या उतारावर हे आठवावं लागणार आहे. मग दिवे, हॉर्न, आरसे. किक असेल तर एकदा किकनंही सुरू करून बघा, कारण बेटावर बॅटरी मेली तर तीच कामाला येते. पेट्रोलची टाकी 5.3 लिटरची असली तरी भाड्याची गाडी हातात पडते ती बहुतेकदा तळाशी गेलेल्या काट्यावर. पंप दिसेल तिथं भरून घ्या, बेटावरच्या भरवशावर ठेवू नका.

[दृश्य: पणजी ते रायबंदर रस्ता. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरांची जुनी जमीन.]

पणजीहून रायबंदरला जाणारा हा सरळ रस्ता म्हणजे पोर्तुगीजांनी 1633-34 मध्ये दलदलीवर बांधलेला सेतू. लांबी तीन किलोमीटरहून थोडी जास्त. वारा नदीकडून आडवा येतो आणि हलकी स्कूटर पावसाळ्यात हातभर सरकते. ट्रक-बस ओलांडून जाते तेव्हा वारा क्षणभर तुटतो आणि पुन्हा आदळतो. हँडल घट्ट आवळू नका, वेग 40 च्या खाली ठेवा.

जुन्या गोव्यात चर्चच्या आवारापासून नदीकडे उतरणारा रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो. वास्को द गामाच्या पणतवानं सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही कमान उभारली. कमान ओलांडली की समोर फेरीबोटीचा धक्का.

[दृश्य: फेरीबोटीचा लोखंडी उतार पाण्यात टेकतो. साखळीचा आवाज.]

नवख्या माणसाच्या गाड्या सर्वांत जास्त पडतात त्या इथं, काठ आणि बोट यांच्यामधल्या दहा पावलांत.

मांडवी भरती-ओहोटीची नदी आहे. पाण्याची पातळी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते; उधाणाला हा फरक दोन मीटरच्या आसपास जातो. भरतीला बोट वर असते, उतार सपाट असतो आणि धक्क्याचा कोरडा भागच वापरात येतो. ओहोटीला बोट खाली जाते, उतार तीव्र होतो आणि एरवी पाण्याखाली असलेला, शेवाळ आणि गाळ माखलेला भाग उघडा पडतो. घसरायला होतं ते तिथं.

भरती कधी, हे भिंतीवरच्या पंचांगातून कळतं. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचा हिशेब, भरती सव्वाअकराच्या पुढंमागं. नदीच्या आत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा सगळ्यांत कमी चढ-उतार. हिशेब अंदाजाचा आहे, पण दिवस निवडायला पुरेसा.

चढायची पद्धत अशी. मागे बसलेल्यानं आधी उतरून चालत जावं. चालवणाऱ्यानं गाडी उताराला अगदी सरळ धरावी, तिरकी नको. चालण्याच्या वेगानं, दोन्ही पाय जमिनीलगत ठेवून, एकसारखा हलका थ्रॉटल. मध्ये थांबायचं नाही, हँडल वळवायचं नाही. धक्क्याचं काँक्रीट आणि बोटीचा लोखंडी पत्रा जुळतात तिथं लहानशी पायरी असते. तिच्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक अडकून घसरतं आणि गाडी आडवी. गरज पडलीच तर डावी लिव्हर, हलक्या हातानं. उजवीला हात लावू नका.

आत गेल्यावर खलाशी दाखवेल तिथं गाडी लावा. इंजिन बंद, गाडी मधल्या स्टँडवर. साइड स्टँडवर लावलेली गाडी बोट काठाला टेकताना बसणाऱ्या धक्क्यानं पुढं सरकते आणि स्टँड मिटतो. शेजारी चार गाड्या लागून उभ्या असतील तर चारही पडतात. म्हणून पार होईपर्यंत हँडल हातात धरून उभं राहा. पाच-दहा मिनिटांचाच प्रवास आहे.

उतरण्याआधी खलाशाला एवढं विचारून ठेवा: “दादा, निमाणी फेरी कितल्यांक?” निमाणी म्हणजे शेवटची. कोकणीत विचारलं की उत्तर वेळेसकट, वर एखाद्या सल्ल्यासकट मिळतं.

[दृश्य: दिवाडी. दोन्ही बाजूंना पाणी आणि भातशेती, मधून अरुंद रस्ता. बगळे.]

धक्क्यावरून पिएदाद गावाकडे जाणारा रस्ता खाजनांतून जातो. खाजन म्हणजे खाऱ्या नदीच्या काठाला मातीचे बांध घालून शेतीखाली आणलेली सखल जमीन. बांधात जागोजागी मानशी असतात, म्हणजे लाकडी दारं. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं उघडतं. खारेपणा सोसणारं कोरगुट भात याच जमिनीतलं. शतकानुशतकं चाललेली ही व्यवस्था गावानं राखली म्हणून हा रस्ता आणि ही शेतं टिकली आहेत. बांधावर गाडी चढवू नका. चाकानं खचलेल्या जागेतून खारं पाणी आत शिरलं की शेत नापीक होतं, आणि ते पुन्हा गोडं व्हायला अनेक पावसाळे लागतात.

रस्ता अरुंद. समोरून गाडी आली तर कडेला उतरण्यापेक्षा रुंद जागा बघून आधीच थांबा. कडेची माती वरून कठीण दिसते, आत चिखल असतो.

पावसात इथं पाणी साचतं. किती पाण्यातून जावं? स्कूटरच्या मागच्या चाकाचा धुरा जमिनीपासून जेमतेम एक वीत उंच असतो. पाणी धुऱ्याला लागत असेल तर माघारी फिरा. डाव्या बाजूच्या आवरणात गाडीचा बेल्ट फिरतो. तिथं पाणी शिरलं की बेल्ट घसरतो: इंजिन ओरडतं, गाडी मात्र जागची हलत नाही. अशा वेळी थ्रॉटल पिळत राहिलात तर बेल्ट जळतो. गाडी कोरड्या जागी ढकलत न्या, पंधरा-वीस मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवा. पण पाण्यातच इंजिन बंद पडलं, तर पुन्हा स्टार्टर दाबू नका. पाणी सायलेन्सरमधून किंवा एअर फिल्टरमधून आत गेलेलं असू शकतं. बाहेर ढकला आणि मेकॅनिकला बोलवा. पाण्यातून निघालात तर पुढचे शंभर मीटर ब्रेक हलके दाबत चाला. ओला ड्रम ब्रेक पहिल्या दाबाला काहीच धरत नाही.

[दृश्य: पिएदादची टेकडी, वर पांढरं चर्च.]

टेकडीवर पिएदादचं चर्च. शेजारच्या दफनभूमीतल्या लहानशा चॅपेलमध्ये कदंब राजांच्या काळातल्या कोरीव कामाचे अवशेष आहेत. ते शांतपणे बघा, तिथं लोकांची माणसं पुरलेली आहेत. इथून नदी, खाजनं आणि पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे एका नजरेत येतात.

उतरताना एक लक्षात ठेवा. स्कूटरला गिअर नाही. वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि इंजिनचा अडसर संपतो, गाडी मोकळी घरंगळते. म्हणून ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वळणाआधीच वेग मारा. वळणावर तांबडी खडी असते, बारीक आणि गोल, चाकाखाली मण्यांसारखी फिरणारी.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथं बोंदेरां हा उत्सव असतो. जमिनीच्या हद्दींच्या जुन्या भांडणांची आठवण निशाणांच्या मिरवणुकीनं जागवतात, आणि मुलं बांबूच्या नळीतून फळं मारतात. त्या दिवशी गाडी जुन्या गोव्याच्या बाजूलाच ठेवून पायी बोटीत चढा.

[दृश्य: दिवाडीच्या दुसऱ्या टोकाचा धक्का. नार्व्याला जाणारी फेरीबोट.]

या घाटावरून अनेक शतकांपूर्वी एक देवही नदी ओलांडून गेला आहे. कदंबांचं आराध्यदैवत सप्तकोटीश्वर मूळचं दिवाडीवरचं. पोर्तुगीजांनी ते मंदिर पाडलं, भाविकांनी लिंग पलीकडे नेलं, आणि डिचोलीतल्या नार्व्याच्या त्या मंदिराचा जीर्णोद्धार 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी केला. त्याचा शिलालेख मंदिरात आहे. मराठी माणूस इथं येऊन तो न वाचता परत गेला तर हळहळ वाटते. बोटीतून उतरून थोडं पुढं गेलं की मंदिर. गाडी झाडाखाली सावलीत लावा, तापलेल्या सीटवर बसणं दुपारी अशक्य होतं.

नार्वे ते मये आणि मये ते चोडण हा रस्ता चांगला आहे, बागायतींतून जातो. घाई असेल तर थांबू नका.

[दृश्य: चोडण. खारफुटी, चिखलात उड्या मारणारे निवटे.]

चोडणच्या पश्चिम टोकाला, धक्क्याला लागूनच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्र 178 हेक्टर, सगळी खारफुटी. तिकीट घेऊन पायी आत जायचं. ओहोटी असेल तर चिखल उघडा पडतो, निवटे आणि खेकडे बाहेर येतात, आणि त्यांच्यामागे पक्षी. म्हणजे बोटीत चढायला भरती बरी आणि पक्षी बघायला ओहोटी. सकाळी भरतीला दिवाडी गाठलीत तर दुपारनंतर चोडणला ओहोटी आपोआप मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा दिवस धरला की हे जमतं.

परतीची बोट मात्र मग ओहोटीची, उतार तीव्र. चढताना जे केलं तेच करा, आणखी हळू. इथले खलाशी म्हणतात, “सवकास.”

[दृश्य: संध्याकाळ. रायबंदरचा धक्का. घराच्या अंगणात स्कूटरवर पाणी.]

घरी पोचल्यावर बादलीभर गोडं पाणी घ्या. खारफुटीचा चिखल आणि खारी हवा रात्रभरात ब्रेकच्या लिव्हरचे सांधे, स्टँडची स्प्रिंग आणि सायलेन्सरचे बोल्ट धरतात. रिमच्या आतली बाजू, स्टँड, मडगार्डखालचा भाग नीट धुवा. गरम सायलेन्सरवर एकदम पाणी ओतू नका, आधी निवू द्या. पुसून झाल्यावर स्टँडच्या सांध्यावर तेलाचे दोन थेंब. ब्रेकच्या ड्रमजवळ तेल न्यायचं नाही.

[दृश्य संपतं. पार्श्वभूमीला फेरीबोटीचा भोंगा.]