बेळगाव ते कित्तूर, पाणंदीनं

(दृश्य: येळ्ळूरचं शिवार, सकाळ. कापलेल्या भाताचे खुंट, मधून गेलेली गाडीवाट.)

बेळगावहून खानापूरला जायला हायवे आहे, रेल्वे आहे. आपण दोन्ही सोडून ग्रॅव्हल सायकलवर, म्हणजे कच्च्या वाटांसाठीच्या सायकलवर, वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात शिरतोय. इथली माती काळी. बेळगाव बासमतीचं नाव ज्या भातानं केलं, त्याची ही शेतं. सुगी संपली की बांधाकडच्या पाणंदी वाळून टणक होतात आणि बैलगाडीची चाकोरी उघडी पडते. 40 मिलिमीटरचं टायर त्या चाकोरीत बरोबर बसतं.

पावसाळ्यात मात्र इकडं फिरकू नका. ही माती ओली झाली की चाकाला लपेटत जाते, फोर्क (चाक धरणारा चिमटा) आणि टायरमधली बोटभर फट भरते आणि चाक फिरायचं थांबतं. मग सायकल खांद्यावर घ्यायची आणि गाव येईपर्यंत चालायचं. याच शिवारातून हलगा-मच्छे बायपास नेण्यावरून शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. पिकाऊ जमीन जाते म्हणजे काय जातं, ते इथं उभं राहिल्यावर सांगावं लागत नाही.

(दृश्य: सायकलचं चाक, जवळून.)

ग्रॅव्हल सायकल दिसायला रेसिंगच्या सायकलसारखीच, वाकड्या हँडलची. फरक टायरमध्ये आणि गिअरमध्ये. टायर रुंद, बहुधा ट्यूबलेस. आत चिकाचं औषध (सीलंट) असल्यामुळं बाभळीचा काटा घुसला तरी भोक आपोआप बुजतं. हवा जरा कमीच ठेवायची. सत्तर किलोच्या माणसाला 35 ते 40 पीएसआय पुरते. घट्ट हवा भरून आलेला माणूस पहिल्याच खडीवर दात खुळखुळवत जातो. आणि रस्त्यात थांबलात की एकच प्रश्न येणार, त्याचं उत्तर तयार ठेवा: ‘सायकल केवढ्याची ओ?’

येळ्ळूरचा किल्ला, म्हणजे राजहंसगड, आला की पहिला खरा चढ. वर पोचल्यावर एका अंगाला बेळगाव शहर आणि खाली भाताचे चौकोन दिसतात, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीकडं सरकत गेलेले डोंगर. आपली वाट त्या डोंगरांच्या कडेकडेनं जाते, आणि गड मागं पडला की हळूहळू मातीचा रंग बदलतो.

(दृश्य: तांबडा रस्ता, काजूची झाडं, कौलांची भट्टी.)

खानापूर तालुका जांभ्याचा. घरांच्या भिंती जांभ्याच्या, रस्ते तांबडे, मातीची कौलं आणि विटा हा जुना धंदा. जांभ्यावर पाणी फार थांबत नाही, म्हणून पाऊस उघडला की काळ्या रानाच्या कितीतरी आधी इथल्या वाटा चालू होतात. पण कोरड्या उतारावर इथला बारीक तांबडा खडा फसवतो. विखुरलेल्या ज्वारीवर पाय पडावा तसं चाक निसटतं. पुढचा ब्रेक जपून, बूड सीटच्या मागं, नजर लांब. झाडाखालच्या ओलसर जांभ्यावर शेवाळ असतं, तिथं उतरून चाललात तर कमीपणा नाही.

खानापूरजवळ मलप्रभेच्या काठी असोग्याचं रामलिंग आहे. ही नदी उगम पावते कणकुंबीला, याच तालुक्यात, आणि तिथून पूर्वेकडं वळून थेट कृष्णेला मिळायला जाते. जांबोटी-कणकुंबीकडं जायचा मोह सगळ्यांनाच होतो. डांबरी रस्त्यानं खुशाल जा. आत मात्र भीमगड अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय त्या पायवाटांवर चाक घालायचं नाही. गवे तर खानापूर तालुक्यात कुठंही समोर येतात, त्यामुळं दिवस कलायच्या आत गावात पोचलेलं बरं.

त्या जंगलातल्या वस्त्यांचा एक विषय सायकलवाल्यांत सारखा निघतो. कच्च्या वाटा डांबरी होत चालल्या, मजा गेली, असं म्हणणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. जिथं पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून मोठ्या रस्त्यापर्यंत आणावं लागतं, तिथं रस्ता झाला तर आपण दुसरी पाणंद शोधावी. पाणंदी काही कमी नाहीत.

(दृश्य: हलशीचं देऊळ, पायऱ्यापायऱ्यांचं शिखर.)

खानापूरहून पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर हलशी. आज शांत गाव. पाचव्या-सहाव्या शतकात ही कदंब राजघराण्याची पलाशिका, बनवासीनंतरची त्यांची दुसरी राजधानी. त्यांचे ताम्रपट इथं सापडले. कदंब राजा मृगेशवर्म्यानं बापाच्या स्मरणार्थ इथं जिनालय बांधल्याचा उल्लेख त्यांतच आहे. गावातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ पुढचं, बाराव्या शतकातल्या गोवा कदंबांच्या काळातलं. दोन गाभारे समोरासमोर आहेत, मधल्या मंडपात उभं राहून मान वळवली की दोन्ही देव दिसतात.

इतक्या आडबाजूला राजधानी कशी, असं गाडीनं येणाऱ्याला वाटतं. सायकलनं आलात तर पायांनाच कळतं. मागं घाटाचं जंगल आणि चढउतार, पुढं सपाट होत जाणारं रान. कोकणातून घाट चढून आलेला माल इथं दम खाणार आणि देशावरचं धान्य इथवर येणार. हलशी, नंदगड, देगाव, कित्तूर ही सगळी गावं त्याच सांध्यावर बसलेली आहेत. नंदगडच्या बाजाराचा गोव्याशी व्यापार होता, तो काही योगायोग नव्हे.

(दृश्य: नंदगड, वडाचं झाड.)

नंदगडला थांबायचं ते संगोळ्ळी रायण्णासाठी. राणी चन्नम्माचं कित्तूर संस्थान इंग्रजांच्या हाती पडल्यावरही हा माणूस त्यांच्याशी लढत राहिला. खजिने लुटले, जमिनीची दप्तरं जाळली आणि जंगल आणि रान यांच्या या सीमेवरून फौजेला चकवत फिरला. त्याला पकडायला फितुरी लागली. 26 जानेवारी 1831 ला नंदगडात त्याला फाशी दिलं. त्याच्या समाधीवरच्या वडाला लोक आजही नवस बोलतात, कन्नड बोलणारे आणि मराठी बोलणारेही. 1956 साली हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसुरात गेला आणि त्याचा वाद आजही सुप्रीम कोर्टात आहे. वडाखाली मात्र त्याची चर्चा होताना मी ऐकलेली नाही.

नंदगडच्या पुढं पूर्वेला जाता जाता तांबडा खडा विरळ होतो आणि पुन्हा काळं रान लागतं. उसाच्या हंगामात इथल्या वाटांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या धावतात, चाकोऱ्या खोल होतात आणि पाचट पसरलेलं असतं. पाचटाखाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून वेग कमी.

कित्तूरच्या अलीकडं देगाव चुकवू नका. गोवा कदंबांचा राजा पेरमाडी, त्याची राणी कमलादेवी, तिनं बांधवलेलं कमलनारायणाचं देऊळ. तीन गाभारे एका रांगेत, आणि दगडावरची कोरीव नक्षी अशी की अर्धा तास कुठं गेला कळत नाही. हलशीपेक्षा मला हे जास्त आवडतं. गर्दी जवळजवळ नसते.

(दृश्य: कित्तूरचा पडका वाडा.)

कित्तूरच्या किल्ल्यात विटामातीच्या भिंती आणि खांबांच्या बैठकी उरल्यात. 23 ऑक्टोबर 1824 ला याच दारात धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि संस्थान संपलं. राणी चन्नम्मा बैलहोंगलला कैदेत गेली, 1829 साली तिथंच वारली. तिचं माहेर काकती, म्हणजे आपण जिथून निघालो त्या बेळगावच्या उशालाच.

परतीला हायवे जवळ आहे, पण ट्रकांच्या कडेनं सायकल हाकण्यात अर्थ नाही. पायात दम असेल तर एम. के. हुबळीकडून गावागावांतल्या वाटांनी उत्तरेला निघा. नसेल तर कित्तूरच्या स्टँडजवळ टेम्पो मिळतो. भाडं आधी ठरवा, आणि सायकल आडवी टाकताना डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वरच्या बाजूला राहील एवढं बघा.