घरच्या घरी क्रॉलरची चेसिस

नमस्कार मंडळी. नागपूरच्या या उन्हात भरदुपारी एवढे जण आलात, बरं वाटलं. आज बोलायचंय रिमोटवर चालणाऱ्या 1/10 स्केलच्या क्रॉलर गाडीच्या चेसिसबद्दल, म्हणजे तिच्या सांगाड्याबद्दल, इतवारीच्या लोहाओळीतून पत्रा आणायचा आणि घरी बनवायची ती. ज्यांना क्रॉलर नवीन आहे त्यांना एवढंच सांगतो, की ही रेसची गाडी नाही, ही हळूहळू दगडावर चढते, त्यामुळे इथं स्पीड नाही टॉर्क, म्हणजे चाक फिरवायची ताकद लागते.

सगळे पहिले विचारतात, भाऊ लोखंड घेऊ का ॲल्युमिनियम? मी म्हणतो आधी हे ठरवा की वजन राहणार कुठे. सेमिनरी हिल्सकडच्या काळ्या दगडावर गाडी चढता चढता मागे उलटते ना, तिथं बरेचदा मोटर कमी पडलेली नसते, वजन वर आणि मागे असतं म्हणून ती उलटते. आता हिशोब पहा. 400 मिमी लांब, 45 मिमी रुंद, 2 मिमी जाड पट्टी, जी दोन्हीकडून वाकवून इंग्रजी सी सारखं सी चॅनल होते, ती एमएसची म्हणजे माइल्ड स्टीलची, आपल्या साध्या लोखंडाची घेतली तर साधारण 283 ग्रॅम आणि ॲल्युमिनियमची 97. चेसिसच्या दोन बाजूंना अशा दोन लांब पट्ट्या, म्हणजे रेल लागतात, तेव्हा जवळजवळ पावणेचारशे ग्रॅमचा फरक, आणि तो एक्सलच्या वर. म्हणून मी रेल ॲल्युमिनियमच्या करतो आणि खालची स्किड प्लेट एमएसची, कारण दगडावर घासते तीच आणि सगळ्यात खाली वजन असलं तर ते फायद्याचंच.

फक्त ॲल्युमिनियम घेताना ग्रेड विचारा. 6061-टी6 मजबूत आहे पण काटकोनात टाईट वाकवलं की बेंडवर तडकतं, 5052 छान वाकतं. दुकानदाराला माहीत नसेल तर एक तुकडा आधी वाइसमध्ये वाकवून पहा.

आता खरा मुद्दा, पीळ. काडेपेटीचा नुसता आतला ट्रे हातात धरून पिळा, लगेच वाकडा होतो, बाहेरच्या खोक्यात घातला की होत नाही. उघडं सी चॅनल असंच असतं, वरून दाब दिला तर ताठ, पिळलं की ढिलं. आणि क्रॉलरमध्ये तर एक चाक वर एक चाक खाली हेच चाललेलं असतं. चेसिस पिळली की लिंकचे, म्हणजे एक्सलला चेसिसशी जोडणाऱ्या दांड्यांचे अँगल बदलतात, मग तुम्ही शॉक ॲब्सॉर्बरची कितीही सेटिंग करा, हाती काही लागत नाही. वाकायचं काम सस्पेन्शनचं, चेसिसनं जागच्या जागी रहायला पाह्यजे. म्हणून क्रॉस मेंबर, म्हणजे दोन रेल जोडणारे आडवे तुकडे, तीन तरी द्या, पुढे सर्व्होपाशी (चाकं वळवणारी छोटी मोटर), मधे स्किड प्लेट, मागे शॉक टॉवरजवळ (शॉक वर जिथं अडकतो तो खांब), आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोल्ट, एका बोल्टवर तो नुसता फिरतो.

भोकं पाडताना दोन्ही रेल पाठीला पाठ लावून क्लॅम्प करा आणि एकदमच ड्रिल करा, वेगवेगळं मोजून पाडाल तर अर्ध्या मिमीचा फरक येतोच आणि मग एक्सल तिरका बसतो. आधी सेंटर पंच मारा, नाहीतर ड्रिल घसरतं. पहिले 2.5 चं ड्रिल, मग एम-3 म्हणजे 3 मिमीच्या बोल्टसाठी 3.2, भोकाच्या कडेला राहिलेली धारदार बर्र कानशीनं काढा. फ्रेम जोडली की दोन्ही कर्ण मोजा, सारखे यायला हवेत, नंतर काचेवर ठेवा, डुगडुगली तर बोल्ट ढिले करून, दाबून धरून परत कसा. सगळं लागलं की पुढच्या आणि मागच्या चाकांखाली एक-एक किचनचा वजनकाटा ठेवून पहा, पुढे 55 ते 60 टक्के यायला हवं, कमी असलं तर बॅटरी पुढे घ्या.

लिंक जिथं लागते तिथं मात्र पत्र्यात आटे पाडू नका हं, 2 मिमीमध्ये एम-3 चे जेमतेम चार आटे बसतात, तिथं नायलॉक नटच लावा, आत नायलॉनची रिंग असलेला, जो ढिला होत नाही. जाड ब्लॉकमध्ये टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार चालतं, अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, आणि ॲल्युमिनियमला दोन थेंब रॉकेल. ब्लॉक इथं टेबलावर आहे, ज्यांना टॅप मारून पाहायचाय ते पुढे या.