प्रश्न क्रमांक 48

श्रोतेहो, नमस्कार.

ज्युरी म्हटलं की आपल्याला अजून नानावटी खटलाच आठवतो. मुंबईच्या सेशन्स कोर्टात 1959 मध्ये नऊपैकी आठ ज्युररांनी कमांडर नानावटींना निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. आपल्याकडची ज्युरी पुढे मोडीत निघाली. पण न्यू जर्सीत नागरिकत्व घेतलेल्या एखाद्या भाच्याला विचारून बघा. ज्युरी ड्युटीचं पत्र त्याच्या घरी कधी ना कधी येतंच, आणि आलं की यातून अंग कसं काढायचं याचीच चर्चा सुरू होते. त्यासाठी थापा मारणारेही असतात. आज बोलायचंय ते मात्र ज्यांची खरी माहिती दडून राहिली आणि जे थेट ज्युरीत जाऊन बसले, त्यांच्याबद्दल.

अमेरिकेच्या फेडरल कोर्टात फौजदारी खटल्याला बारा ज्युरर बसतात आणि निकाल एकमताने द्यावा लागतो. बसवण्याआधी त्यांची चौकशी होते. तुम्ही काय करता, पक्षकारांपैकी कुणाला ओळखता का, असलं काही तुमच्या घरी घडलंय का? पूर्वग्रहाचं ठोस कारण दिसलं, तर कितीही जणांना वगळता येतं. शिवाय कारण न सांगता वगळण्याचा हक्क असतो. गंभीर गुन्ह्यात, फाशीची शक्यता नसेल तेव्हा, आरोपीला असे दहा जण गाळता येतात आणि सरकारला सहा. ही सगळी निवड उभी असते ती समोरच्याच्या उत्तरांवर. तो शपथेवर सांगतो, आणि ते मानलं जातं.

मिनियापोलिस शहरात विल्बर फोशे नावाचा एक उद्योजक होता. त्याने 1929 मध्ये 32 मजली टॉवर बांधला आणि उद्घाटनाला सूझाचा प्रसिद्ध बँड बोलावला. बँडला दिलेला चेक वटला नाही, असं तिथे अजून सांगतात! पुढे टपालातून फसवणूक केल्याचा खटला त्याच्यावर 1931 मध्ये उभा राहिला. ज्युरीत श्रीमती क्लार्क नावाच्या बाई होत्या. आधी कुठे कुठे नोकरी केली, हे त्यांनी निवडीच्या वेळी सांगितलं, पण एक नोकरी गाळली. त्यांनी काही दिवस फोशेच्याच कंपनीत स्टेनोग्राफरचं काम केलं होतं. आठ आठवडे खटला चालला. अकरा जण म्हणाले दोषी, क्लार्कबाई एकट्या म्हणाल्या निर्दोष. बाकीचे समजावायला लागले की त्या कानांवर हात ठेवून बसायच्या. ज्युरीचं एकमत झालंच नाही आणि खटला पुन्हा चालवावा लागला. बाईंवर कोर्टाच्या बेअदबीचा आरोप सिद्ध झाला, आणि 1933 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी सांगितलं की ज्युरीच्या खोलीतली चर्चा गुप्त असते खरी, पण फसवून आत शिरलेल्याला त्या गुप्ततेची ढाल मिळत नाही.

क्लार्कबाईंची गोष्ट तशी सरळ आहे. खरी पंचाईत होते ती दुसऱ्या तऱ्हेच्या प्रकरणात.

जेफ्री एपस्टीनच्या साथीदार घिलेन मॅक्सवेल यांना न्यूयॉर्कच्या ज्युरीने 29 डिसेंबर 2021 रोजी सहापैकी पाच आरोपांत दोषी ठरवलं. आरोप अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाला मदत केल्याचे होते. आठवडाभरातच त्या ज्युरीतला एक जण, कोर्टाच्या कागदांत तो ज्युरर क्रमांक 50 आहे, वर्तमानपत्रांशी बोलला. लहानपणी माझ्यावरही अत्याचार झाला होता, असं तो म्हणाला. अशा आठवणी कशा राहतात, काय पुसट होतं आणि काय तसंच टिकतं, हे आपण चर्चेच्या वेळी इतरांना सांगितलं, हेही त्याने सांगितलं.

आणि मग निवडीच्या वेळचा फॉर्म बाहेर आला. प्रश्न क्रमांक 48: तुम्ही, तुमचा कुणी मित्र किंवा नातेवाईक लैंगिक छळाचे बळी ठरला आहात का? त्यापुढे खूण होती 'नाही'वर.

मार्च 2022 मध्ये न्यायाधीश ॲलिसन नेथन यांनी त्याला बोलावलं. साक्षीसाठी त्याला आधी खटल्यापासून अभय द्यावं लागलं. तो म्हणाला, फॉर्म भराभर भरला, आजूबाजूला गोंगाट होता, नुकतंच प्रेमप्रकरण मोडलं होतं, आणि आपली निवड होईल असं वाटलंच नव्हतं. आता गंमत बघा. ज्युरीच्या चर्चेबद्दल त्याला विचारायला कायद्याची मनाई. त्यामुळे जे त्याने जगभरच्या पेपरवाल्यांना सांगितलं होतं, नेमकं तेच न्यायाधीशांना विचारता येईना.

अशा वेळी लावायची कसोटी सुप्रीम कोर्टाने 1984 मध्ये घालून दिली आहे. त्या खटल्यात गवत कापायच्या यंत्राने एका मुलाचे पाय जखमी झाले होते. टायर फुटून आपल्या मुलाचा पाय मोडला होता, हे एका ज्युररने सांगितलं नव्हतं. कोर्ट म्हणालं, फेरखटला हवा असेल तर महत्त्वाच्या प्रश्नाला ज्युररने अप्रामाणिक उत्तर दिलं, आणि खरं उत्तर दिलं असतं तर ठोस कारणावरून तो वगळला गेला असता, या दोन्ही गोष्टी दाखवा. खटला निष्पक्ष हवा, अगदी बिनचूक खटला कुणालाच मिळत नसतो. याच कसोटीवर नेथन यांनी 1 एप्रिलला फेरखटला नाकारला. चूक मुद्दाम केलेली नव्हती, आणि खरं सांगितलं असतं तरी तो ज्युरर वगळला गेला नसता, असं त्या म्हणाल्या. पुढे 20 वर्षांची शिक्षा झाली. 2024 मध्ये अपील कोर्टानेही तो निर्णय उचलून धरला.

मला त्यातलं निम्मं पटतं. अत्याचार सोसलेला माणूस निःपक्ष राहूच शकत नाही, हे कुणी ठरवलं? पण मॅक्सवेलच्या वकिलांकडे कारण न देता वगळण्याचा हक्कही होता, आणि तो वापरायचा की नाही हे ठरवायला लागणारी माहितीच त्यांच्यापुढे नव्हती. कसोटी या नुकसानाकडे बघतच नाही. दुसरं असं, की तो ज्युरर खोटं बोलला असं मी म्हणत नाही, पण 'घाईत चुकलं' हे एकच उत्तर असं होतं की ज्यात तो सुटत होता, निकाल टिकत होता आणि पीडित मुलींना पुन्हा साक्षीला उभं राहावं लागत नव्हतं. सगळ्यांच्या सोयीचं उत्तर जरा जास्त घासून बघावं, एवढंच माझं म्हणणं.

तिकडे राहणाऱ्या श्रोत्यांसाठी एक कामाची गोष्ट. फॉर्मवर काही चुकलं असं घरी आल्यावर लक्षात आलं, तर निकालाआधी कोर्टाच्या कर्मचाऱ्याकरवी न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवता येते. गरज पडली तर त्या जागी बसवायला राखीव ज्युरर ठेवलेले असतात. निकाल लागल्यावर हा सोपा मार्ग राहत नाही.

नमस्कार.