कंबरदुखी रात्री झोपू देत नाही? मणक्याचा टीबी असू शकतो

नमस्कार. माझे बाबा ३० वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. त्यामुळे सत्तरीत कंबर दुखायला लागली तेव्हा लालबागच्या आमच्या चाळीत कुणालाच नवल वाटलं नाही. जन्मभर उभं राहून धक्के खाल्ले, कंबर जाणारच! बाम झाला, शेक झाला, पट्टा आणला. एक्स-रे काढला तर वयाप्रमाणे झीज. ती होतीच, या वयात बहुतेकांना असते. पण दुखत होतं ते तिच्यामुळे नाही, हे कळायला आम्हाला चार महिने लागले. तुमचे ते चार महिने वाचावेत म्हणून हा व्हिडिओ.

झिजेचं दुखणं वाकलं, वजन उचललं की वाढतं आणि आडवं झालं की बहुतेक वेळा उतरतं. बाबांचं उलटं. रात्री तीनला उठून गॅलरीत कठडा धरून उभे राहायचे. कूस बदलताना कण्हायचे. संध्याकाळी अंगात कणकण. जेवण अर्ध्यावर आलं, कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. त्यांना मधुमेह आहे, म्हणून आई खूश होती, की चला, पथ्य लागू पडलं. खरं तर मधुमेह असेल तर टीबीचा धोका वाढतो, आणि ते वजन टीबी खात होता. खोकला मात्र एकदाही नाही. म्हणून टीबी हा शब्द कुणाच्या तोंडी आलाच नाही.

हा जंतू बहुतेकदा फुप्फुसातून शिरतो, तिथे वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो आणि रक्तातून मणक्यात पोचतो. ही बाबांची एमआरआयची फिल्म, जरा जवळ धरते. हे दोन मणके बघा, समोरासमोरच्या कडा कुरतडल्यासारख्या. मधली गादी जवळजवळ गेलीय. बाजूला हे पांढरं दिसतंय तो पू. मणका पुढच्या बाजूने पोखरला जातो, म्हणून पुढे खचतो आणि पाठीला पोक येतं. १७७९ मध्ये पर्सिव्हल पॉट या इंग्रज सर्जनने याचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर याला पॉट्स डिसीज म्हणतात. साध्या एक्स-रेत हे दिसायला हाड बरंच विरावं लागतं. सुरुवातीचा एक्स-रे ठीक आला म्हणजे सुटलो, असं नाही.

आता जिथे आम्ही अडलो ती गोष्ट. डॉक्टर म्हणाले, सुईने मणक्यातला तुकडा काढून तपासू, म्हणजे बायोप्सी करू. आई हादरली. कण्यात सुई? माणूस लुळा पडला तर? एका नातेवाइकांनी सल्ला दिला, दिसतोय ना टीबी, मग गोळ्या सुरू करा. मलाही ते पटत होतं. पण कॅन्सर किंवा दुसरा जंतूही फिल्मवर असाच दिसू शकतो. शिवाय ही मुंबई आहे. २०१२ च्या सुरुवातीला जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीची बातमी आली, ते रुग्ण इथलेच होते. बायोप्सीच्या तुकड्यावर जीनएक्सपर्ट ही चाचणी केली की रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, हे बहुधा काही तासांत कळतं. कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला, आठवडे लागतात, पण तेही करून घ्या. सीटी स्कॅनवर बघत बघत सुई घालतात, बाबांना फक्त जागा बधिर केली होती. जमत असेल तिथे बायोप्सीशिवाय गोळ्या सुरू करू नका, हे मी हात जोडून सांगते.

चाळीत काहींनी बाबांचा कप वेगळा ठेवला. बाबांना ते फार लागलं. छाती स्वच्छ असेल तर मणक्याचा टीबी दुसऱ्याला होत नाही, आणि फुप्फुसाचा असला तरी तो कपातून नाही, हवेतून पसरतो.

औषध किमान १२ महिने, कधी जास्त. सरकारी केंद्रात मोफत मिळतं आणि निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. लघवी नारिंगी होते, घाबरू नका. पण डोळे पिवळे झाले किंवा रंग ओळखताना गडबड झाली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. रिफाम्पिसिनमुळे शुगरच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो, तेव्हा सगळ्या गोळ्यांची पाकिटं त्यांच्यापुढे ठेवा.

ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही, बाबांना नाही लागलं. मात्र चालताना पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही, पाय जड पडतात, लघवी अडते किंवा आवरत नाही, असं काही झालं तर मज्जारज्जू दबत असू शकतो. तेव्हा पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

पाचव्या महिन्यात बाबा रात्रभर झोपायला लागले आणि म्हणाले, आता बरा आहे मी, गोळ्या बंद करूया. आई रोज सकाळी गोळ्या हातावर ठेवून, त्या गिळेपर्यंत समोर उभी राहायची. पुढचे सगळे महिने ती उभी राहिली.