हजार दिनारांचा सुलतान

श्रोतेहो, नमस्कार.

1279 ते 1290 या काळात इजिप्तवर राज्य करणाऱ्या सुलतान कलावूनच्या नावाला ‘अल्फी’ हे बिरुद जोडलेले होते. अरबीत अल्फ म्हणजे हजार. तरुणपणी त्याच्यासाठी हजार दिनार मोजले गेले होते आणि तो गादीवर बसल्यावरही ती किंमत त्याच्या नावाला चिकटून राहिली.

कलावून मामलुक होता. या शब्दाचा अर्थच ‘मालकीचा’ असा आहे. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातल्या किपचाक तुर्कांची मंगोल स्वाऱ्यांत वाताहत झाली, तेव्हा त्यांची मुले गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागली आणि इजिप्तवर तेव्हा राज्य करणाऱ्या अय्यूबी घराण्यातल्या सुलतान अस्-सालिहने ती मोठ्या संख्येने विकत घेऊन नाईल नदीतल्या रोडा बेटावर ठेवली. तेथे धर्मशिक्षणाबरोबर घोडदौड, भाला आणि धनुष्यबाण यांची कसून तालीम होई. ती पुरी झाली की गुलामीतून मुक्तता मिळे. परंतु आईबाप आणि मुलूख कायमचा तुटल्यामुळे विकत घेणारा धनी आणि एकत्र वाढलेले सोबती हेच त्या मुलांचे गोत होई.

धन्यावरची ही निष्ठा वारशाने मात्र मिळत नसे. अस्-सालिहच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा तूरानशाह आपल्या माणसांना पुढे आणू लागला, तेव्हा 1250 साली याच मामलुकांनी त्याला ठार केले. त्यांनी गादीवर बसवलेली शजर अद्-दुर्र हीसुद्धा मूळची दासी होती. पुढे दहाच वर्षांनी, सप्टेंबर 1260 मध्ये, पॅलेस्टाइनमधल्या ‘ऐन जालूत’ या ठिकाणच्या रणांगणावर मामलुक सैन्याने मंगोलांचा पराभव केला. ज्यांच्या स्वाऱ्यांनी आपल्याला बाजारात लोटले, त्यांच्याशीच ही माणसे लढत होती, हे मला या लढाईतले सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

मामलुकांची मुले जन्मतःच स्वतंत्र असत, आणि म्हणूनच बापाची लष्करी प्रतिष्ठा सहसा त्यांच्या वाट्याला येत नसे. आपल्या दख्खनमध्ये मात्र, एके काळी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबरनंतर निजामशाहीचा कारभार त्याचा मुलगा फत्तेखान याच्याकडे आला. कैरोत कलावूनच्या वंशजांनी जवळजवळ शंभर वर्षे गादी सांभाळली खरी, परंतु सैन्याचा कणा दर पिढीला नव्याने विकत घ्यावा लागे. म्हणजे राज्य टिकवायचे, तर दूरच्या मुलखातल्या आयांची मुले हिरावली जाणे थांबून चालणार नव्हते. आधी किपचाक मुले आली, नंतर कॉकेशसमधली चर्कस मुले आली. 1517 साली उस्मानी (ऑटोमन) सुलतान सलीमने कैरो जिंकले. त्याच्या सैन्यातले जानिसारी, म्हणजे सुलतानाचे खास पायदळ, हेही असेच लहानपणी घरापासून तोडून आणलेले होते.