चिठ्ठीवरचा आकडा

चिठ्ठी शेजाऱ्याला दाखवायची नाही, एवढी अट घालून अर्थशास्त्रज्ञ व्हर्नन स्मिथ यांनी वर्गात चिठ्ठ्या वाटल्या. जानेवारी 1956, अमेरिकेतलं पर्ड्यू विद्यापीठ. काही विद्यार्थी घेणारे, काही विकणारे. घेणाऱ्याच्या चिठ्ठीवर लिहिलंय, जास्तीत जास्त किती मोजायचे. विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर, किमान किती मिळालेच पाहिजेत.

मागणी-पुरवठ्याच्या रेषा फळ्यावर छान छेदतात, आणि छेदतात तिथे भाव ठरतो. पण बाजारात उभ्या असलेल्या माणसाला त्या कुठे दिसतात? शिकवताना स्मिथ इथेच अडले होते. हार्वर्डला त्यांचे प्राध्यापक एडवर्ड चेंबरलिन यांनीही वर्गात बाजार भरवला होता. तिथे मुलं खोलीभर फिरत, दोघं-दोघं घासाघीस करत आणि भाव सिद्धान्तापासून भरकटत.

स्मिथनी दोन गोष्टी बदलल्या. भाव सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारायचा. आणि त्याच चिठ्ठ्यांवर बाजार पुन्हा पुन्हा भरवायचा.

साऱ्या चिठ्ठ्या एकत्र मांडल्या, तर रेषांच्या छेदावर भाव येत होता 2 डॉलर. हे ठाऊक होतं एकट्या स्मिथना. सुरुवातीचे सौदे खाली-वर झाले. मग फेरीगणिक भाव सरकत गेला आणि 2 डॉलरच्या आसपास स्थिरावला. प्रत्येकाला माहीत होता तो फक्त आपला आकडा!

याच वाटेवरच्या कामासाठी 2002 साली त्यांना नोबेल मिळालं. मला मात्र त्यांचा 1988 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग जास्त अस्वस्थ करतो. सहकारी होते जेरी सुचानेक आणि आर्लिंग्टन विल्यम्स. या वेळी माल नव्हता, शेअर होता. 15 फेऱ्या, दर फेरीला सरासरी 24 सेंट लाभांश, शेवटी शेअरची किंमत शून्य. म्हणजे सुरुवातीला त्याचं मोल 3 डॉलर 60 सेंट, आणि पुढे दर फेरीला 24 सेंटनी कमी. हा हिशेब सगळ्यांना आधीच सांगितलेला. लपवलेलं काहीच नव्हतं.

तरीही बहुतेक वेळा भाव चढला. मोल उतरत असताना चढला. आपण घेऊ आणि आणखी महाग विकू, या भरवशावर लोक घेत राहिले. अखेरच्या फेऱ्या जवळ आल्या आणि भाव कोसळला.

तीच माणसं दुसऱ्यांदा बसली, तेव्हा भावाचा हा फुगा लहान झाला. तिसऱ्या खेपेला भाव खऱ्या मोलाला धरून राहिला. मधल्या काळात त्यांना नवी माहिती कुणीही दिली नव्हती.